कुंकू लागलेली हजार फ्रँकची नोट

आम्ही पुण्याजवळच्या उरवड्याचे; वडील तिथल्याच एका कारखान्यात रोजंदारीवर होते. काम कमी असलं की त्यांना घरी बसवत, आणि मग आमच्याकडे आठवडाभर दोन्ही वेळा पिठलं. बारावीला मी चांगले गुण काढले. त्याचा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग पुण्यातल्या कॉलेजची फी आणि होस्टेलचा खर्च कळला.

घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती. पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले, तिथून त्यांनी हजार फ्रँकची नोट आणली. त्यांना ती कुठे मिळाली, हे घरात कुणी विचारलं नाही. निळी-गुलाबी, जवळजवळ वहीच्या पानाएवढी, आणि तिच्यावर बसलेली बाई. नोटेवर बसलीय म्हणजे लक्ष्मीच, असं ठरलं आणि दर दिवाळीला तिची पूजा सुरू झाली.

वडील आणि मी ती घेऊन पुण्यात जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने भिंग लावलं. "काका, दुर्मीळ आहे. एवढी मोठी नोट तेव्हा साध्या माणसाच्या हाती येतच नसे. आणि दुसऱ्या युद्धानंतर तिथल्या सरकारने असल्या नोटा परत घेतल्या. राहिल्या त्या थोड्या."

वडील खुर्चीत ऐसपैस बसले.

"पण हे तांबडं काय?"

"कुकू. दर दिवाळीला लक्ष्मीला लावतो आमी."

"अहो, ही लक्ष्मी नाही."

"मग कोन हाय?"

त्याने नोट उलटवली. "डागाने किंमत पडते," एवढंच म्हणाला.

"आन् ही भोकं?"

"ती चालतात. तिथल्या बँकेत नोटा टाचणीने एकत्र टोचून ठेवत."

"म्हंजी त्यांनी टोचलेलं चालतंय, आमी पुजलेलं न्हाई."

तो हसला, पण भाव सांगितला तो फीच्या निम्मा. वडील नोट गुंडाळू लागले. "शंभर वर्सं पुजलेली दुसरी हाय का तुमच्याकडं? न्हाई ना? मग ही लईच दुर्मीळ. पोरीची फी भरायचीय, म्हून आलो. हौस न्हाई."

"फी किती?" त्याने मला विचारलं. मी होस्टेल धरून आकडा सांगितला, आणि उरवड्याहून आल्याचंही.

"होस्टेल कशाला? उरवड्याला बस आहे की."

"बस हाय," वडील म्हणाले. "येती कवा, ते इचारा."

शेवटी फीएवढे पैसे मिळाले, होस्टेलचे नाहीत. तीन वर्षं मी त्याच बसने गेले-आले आणि बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी.