व्यासपीठावर कोण बसणार

सुलभाताई देवधरांना ‘जाऊ द्या’ म्हणता येत नाही. तेहेतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आल्या, विद्यानगरात राहून अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या दारात उभ्या राहिल्या. मी शिवराज, त्या मंडळाचा चिटणीस. आमचं घराणं चार पिढ्या इथलं. पुण्याच्या माणसांनी येऊन आम्हाला शहाणपण शिकवलेलं आम्हाला खपत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांची वाचायची पद्धत मास्तरकीची. हातात पेन्सिल हवीच. आवडलं की बरोबरची खूण, पटलं नाही की समासात ‘का?’. नवं पुस्तक आलं की आधी हावरटासारखं वाचायचं, मग पुन्हा सावकाश. त्यांचे यजमान दिलीपराव म्हणतात, “या घरात तपासल्याशिवाय काहीच सुटत नाही, मीसुद्धा.”

तर असल्या बाईंना आमच्या मंडळात काय मिळालं? सत्कार. आम्ही दर दोन महिन्यांनी लेखक बोलावतो आणि त्याला शाल पांघरतो. हे काम आम्हाला झकास जमतं. मागच्या वर्षी नांदेडहून नीलिमाबाई आल्या होत्या. ताडपत्रीच्या दुकानातल्या दोन बहिणींवर त्यांची नवी कादंबरी आली होती, पहिलीच. कार्यक्रम पाचचा, साडेपाचला सुरू झाला. व्यासपीठावर आम्ही नऊ जण. प्रत्येकाचं स्वागत, प्रत्येकाचं मनोगत. आमचे अध्यक्ष मुकुंदराव, वय ऐंशी, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, “ही कादंबरी समाजाला दिशा देणारी आहे.” हे वाक्य ते वीस वर्षं म्हणतायत. पाकशास्त्राच्या पुस्तकालाही म्हणाले होते. शेवटी नीलिमाबाईंना बोलायला सात मिनिटं उरली, कारण काचीगुड्याहून त्यांची गाडी होती.

त्यांना स्टेशनवर पोचवायला सुलभाताई गेल्या. फलाटावर नीलिमाबाईंनी शाल घडी करता करता विचारलं, “ताई, पुस्तक कुणी वाचलं होतं का हो?”

“मी. दोनदा.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“मी व्यासपीठावर नव्हते.”

“मग व्यासपीठावर होते ते कोण?”

नीलिमाबाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्यांनी खरंच कुतूहलानं विचारलं होतं, हे मला सांगताना सुलभाताईंचे डोळे भरून आले. तेव्हापासून त्यांनी एकच धरलं : याच लेखिकेला याच हॉलमध्ये पुन्हा बोलवायचं आणि तिच्याशी तिच्या पुस्तकावर तासभर खऱ्या गप्पा मारायच्या. ते जमलं नाही तर मंडळाचं तोंड पुन्हा पाहणार नाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला. ज्यानं पुस्तक पूर्ण वाचलंय तोच व्यासपीठावर बसेल. आधी गप्पा, शाल शेवटी. आणि वाचलंय की नाही ते त्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारून ठरवणार.

जो गोंधळ झाला! मी स्वतः उठून म्हणालो की आम्ही शाळेतली पोरं नाही. आमच्या इंदुताई, पोस्टातून निवृत्त, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्या म्हणाल्या, “प्रश्न अवघड नसेल तर माझी हरकत नाही.” मुकुंदरावांनी हातानंच सगळ्यांना खाली बसवलं. मग म्हणाले, “सुलभाबाई, मेहमानाची इज्जत करणं ही इथली रीत आहे. तुम्ही ती कायको मोडता?”

“मुकुंदराव, तिचं पुस्तक न वाचता तिला शाल घातली, ही इज्जत झाली का?”

“ठीक आहे,” मुकुंदराव म्हणाले. “एकदा करून बघू.” आम्हाला वाटलं होतं ते बाईंना चीत करतील. अध्यक्षच पडल्यावर आम्ही काय करणार, ठराव झाला आणि नीलिमाबाईंना पुन्हा बोलावणं गेलं.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या आयुष्यात शनिवार उरला नाही. दर शनिवारी सकाळी नऊला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “कितवं पान?” एकनाथरावांनी तर त्यांचा नंबर दिसला की फोन बायकोकडे द्यायला सुरुवात केली. सुलभाताईंनी मग त्यांच्या बायकोला पुस्तकाला लावलं, आणि तिचं एकनाथरावांच्या आधी वाचून झालं. मीही वाचत होतो. आधी चरफडत, मग, खरं सांगतो, चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी घेताना त्या दोन बहिणींचं पुढे काय होणार या विचारात मी पालकाऐवजी आंबटचुका घेऊन घरी आलो.

एकटे मुकुंदराव फोन घेत नव्हते. कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले तेव्हा सुलभाताई मला घेऊन थेट काचीगुड्याला त्यांच्या घरी धडकल्या. मला वाटलं, आज भांडण होणार. म्हातारा पुस्तक न उघडता अध्यक्ष म्हणून मधल्या खुर्चीत बसायला बघतोय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

त्यांची सून योगिनी चहा-बिस्किटं ठेवून गेली. टीपॉयवर कादंबरी होती, तेविसाव्या पानावर उघडी. सुलभाताईंनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला. समासात निळ्या शाईनं बारीक उर्दूत लिहिलेलं होतं. पानापानावर.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच,” मुकुंदराव म्हणाले. “माझी तालीम उर्दूत झाली, बाई. मॅट्रिकपर्यंत. मग नोकरीत, दफ्तरात इंग्रजी. घरात मराठी बोलायचो, पण लिहायला-वाचायला कुणी शिकवली नाही. अक्षरं वळखतो. एक ओळ संपेपर्यंत पहिला शब्द निसटून जातो. मग तो उर्दूत लिहून ठेवतो.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “वीस साल अध्यक्ष आहे. एक किताब मराठीतली शेवटपर्यंत वाचली नाही. माझी भाषणंपण उर्दूतच लिहिलेली असतात. तुम्ही कुणी कागद कधी बघितला नाही.”

मी वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसतो. मला स्वतःची लाज वाटली. सत्काराच्या त्या सगळ्या थाटामागे हा माणूस इतकी वर्षं लपून बसला होता आणि आम्ही ती त्यांची मोठेपणाची हौस समजत होतो.

“सुलभाताई,” मी म्हणालो, “यांना नियम नको. अध्यक्ष म्हणून बसू द्या.”

“नाही.”

“अहो, ऐंशी वर्षांचा माणूस—”

“म्हणूनच नाही. शिवराज, नियम सैल केला तर आपण त्यांना सांगितल्यासारखं होईल की तुम्हाला जमणार नाही. मी असं एकाही मुलाला कधी सांगितलेलं नाही.” मग मुकुंदरावांकडे वळून, “दिवसाला किती पानं होतात?”

“दोन. डोळे ठीक असले तर तीन.”

“मग तीन.”

मला त्या क्षणी त्या बाईचा इतका संताप आला की चहा तसाच टाकून उठावंसं वाटलं. पण मुकुंदराव हसत होते. म्हणाले, “सून म्हणते मी वाचून दाखवते. नक्को म्हटलं. ऐकलेलं ते ऐकलेलं, वाचलेलं ते वाचलेलं. बाईंचा नियम बरोबर आहे.” निघताना त्यांनी आम्हाला ‘कुणाला सांगू नका’ असं म्हटलं नाही. तरीही आम्ही दोघंही कुणाला बोललो नाही.

कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास सुलभाताईंनी हॉलच्या मागच्या खोलीत परीक्षा घेतली. नऊपैकी चौघांनी आपणहून माघार घेतली. एकनाथराव शेवटची वीस पानं सोडून आले होते, पकडले गेले. दोघं आलेच नाहीत. मला विचारलं, धाकटी बहीण पहिल्यांदा शिलाईच्या मशीनवर बसते तेव्हा थोरली कुठे असते? मी घाम पुसत उत्तर दिलं. पास झालो. इंदुताई तर प्रश्न संपायच्या आधीच बोलू लागल्या. असे व्यासपीठावर आम्ही चौघं : नीलिमाबाई, सुलभाताई, इंदुताई आणि मी. मधली मोठी खुर्ची सुलभाताईंनी उचलून बाजूला ठेवायला लावली.

मुकुंदराव वेळेवर आले. पांढरी शेरवानी, हातात पुस्तक. लोक पहिल्या रांगेत जागा करू लागले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि चौथ्या रांगेत जाऊन बसले. कुजबुज झाली. अध्यक्ष रुसले, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ते माझं काम नव्हतं.

गप्पा छान झाल्या. सुलभाताईंनी आडवळणानं काही विचारलंच नाही. तुम्ही थोरलीला इतकं कठोर का केलंत, मधल्या भागात दुकान चार प्रकरणं नाहीसं का होतं, ते चुकलंय असं मला वाटतं. नीलिमाबाई आधी चमकल्या, मग भांडल्या, मग दोघी हसल्या. इंदुताईंनीही दोनदा मध्ये तोंड घातलं. पस्तीस मिनिटं गेली ती कळलीसुद्धा नाहीत. सुलभाताईंनी विचारलं, “श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?”

चौथ्या रांगेत मुकुंदराव उभे राहिले.

“मी या मंडळाचा अध्यक्ष,” ते म्हणाले. “मला मराठी वाचता येत नव्हतं. आता थोडं येतं. तुमची किताब मी एकसष्ट पानांपर्यंत वाचली आहे. तिथपर्यंतचंच विचारतो.” त्यांनी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. “थोरली रोज सकाळी दुकानाची किल्ली धाकटीच्या उंबऱ्यावर ठेवते. कधी हातात देत नाही. हे मी दोन दिवस वाचत होतो, म्हणून विचारतो. हातात दिली तर काय होईल, असं तिला वाटतं?”

नीलिमाबाईंनी सुलभाताईंकडे पाहिलं, मग पुन्हा मुकुंदरावांकडे. “मला वाटतं,” त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटतं तिला भीती आहे की आपला हात... पुढे एका ठिकाणी ती—”

“थांबा, बाई.” मुकुंदरावांनी हात वर केला. “पुढचं सांगू नका. मी अजून तिथं पोचलो नाही.”

“बरं. मग एकसष्टपर्यंतच बोलू,” असं म्हणून नीलिमाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. ते दोघं त्या एकसष्ट पानांवर वीस मिनिटं बोलले, आणि पुस्तक संपवून व्यासपीठावर बसलेले आम्ही गप्प बसून ऐकत राहिलो.