डॉक्टरांचा खांदा आणि मॅग्नमचा बार

शिकारीच्या किश्श्यांचं एक आहे बघा. शिकार जितकी कमी, तितके किस्से जास्त! ज्याला दर रविवारी दोन तितरं मिळतात तो गुपचूप घरी जातो, रस्सा ओरपतो आणि झोपतो. रिकाम्या हातानं परतणाऱ्याला मात्र बायकोला काहीतरी सांगावंच लागतं. आमचं टोळकं तर वर्षानुवर्षं रिकाम्या हातानंच परतत होतं. म्हणजे माझ्याकडे साठा किती असेल, तुम्हीच ठरवा!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी धुळ्याला इरिगेशनमध्ये ओव्हरसियर होतो. आमच्यात मुख्य म्हणजे डॉक्टर. आग्रा रोडवर खाली दवाखाना, वर घर. अंगानं इतके काटकुळे की पेशंटच त्यांना टॉनिक सुचवायचे. दुसरे बापूसाहेब वकील. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. तिसरे नाना, शिंदखेड्याकडचे कापसाचे बागाईतदार, तरुणपणी कुस्त्या मारलेले. आणि चौथा मी. माझ्याकडे बंदूक नव्हती. माझ्याकडे थर्मास होता.

डॉक्टरांचे मेहुणे आफ्रिकेत होते. ते कायमचे विलायतेला निघाले, तेव्हा आपली दोननळी बंदूक आणि एक ट्रंकभर काडतुसं डॉक्टरांच्या गळ्यात घालून गेले. काडतुसं आमच्या नेहमीच्यापेक्षा अर्धं पेर लांब. दारू जास्त, छर्रे जास्त. त्याच बंदुकीत बसणारी, दुसऱ्या कुठल्या नाही. खोक्यावर लिहिलेलं, ‘मॅग्नम’.

“आता बघा!” डॉक्टर म्हणाले.

आम्ही बघितलं.

*

पहिला बार पांझरेच्या काठी, ज्वारी कापलेल्या रानात. धसकटांतून एक तितर फडफडत उठलं. डॉक्टरांनी दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

आवाज असा झाला की पलीकडच्या काठावरचे बैल जू टाकून पळाले. डॉक्टर जिथं उभे होते तिथं कुणीच नव्हतं! ते मागं धसकटांत बसलेले होते. चष्मा कपाळावर, टोपी मानेवर आणि चेहऱ्यावर एखाद्याला भर रस्त्यात मुस्काटात बसावी तसा भाव.

“तितर?” त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला. “तितर कोठे पडलं?”

नाना कमरेवर हात ठेवून रानात उभे होते. वरून पिसं अजून तरंगत सगळीकडे पडत होती. एक त्यांच्या मिशीवर बसलं.

“डाक्टर,” नाना म्हणाले, “तितर बठ्ठीकडे शे!”

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला. पण माणूस हट्टी. पुढच्या रविवारी वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, जुन्या गादीतला कापूस घालून एक जाडजूड गादीच शिवून दिली. ती कोटाच्या आत खांद्यावर बांधायची. डॉक्टरांना तिची इतकी सवय झाली की एका सोमवारी ते ती काढायचीच विसरले आणि तसेच दवाखान्यात येऊन बसले.

भडगावहून एक म्हातारी आली होती, मानेला छोटीशी गाठ घेऊन. डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि म्हणाले, “आजी, घाबरण्यासारखं काही नाही. ही आपोआप बसेल.”

म्हातारी बराच वेळ त्यांच्या कोटाखाली फुगलेल्या खांद्याकडे बघत होती. मग तिनं पदर सावरला आणि लेकाला म्हणाली, “चाल रे भाऊ, दुसरा डाक्टर दखू. याले सोतानी गाठ बसाडता येत नही!”

*

नानांना हे सगळं हास्यास्पद वाटायचं. “तुम्ही पडता कारण तुम्हाले खांदाच नही,” असं ते डॉक्टरांना तोंडावर म्हणत. शेवटी एकदा डॉक्टरांनी बंदूक त्यांच्या हातात दिली.

समोर वडाचं झाड होतं. वडाची फळं खायला हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवा बसलेला. डॉक्टरांनी बजावलं, “नाना, चाप दोन आहेत. एका वेळी एकच ओढा.”

“माले शिकाडू नका,” म्हणत नानांनी पाय रोवले आणि दोन्ही एकदम ओढले.

वडाची पानं पावसासारखी पडली. हरियल एकही पडलं नाही. पण नाना! नाना जागचे हलले नाहीत. तसेच खांबासारखे उभे, बंदूक खांद्याला, नजर समोर. बापूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. “याला म्हणतात मर्द!”

नाना तरी हलेनात. आम्ही जवळ गेलो. डोळे सताड उघडे, कानांत काही शिरत नसावं. मग ते सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडले, “मी उभा शे ना रे?”

*

बापूसाहेबांचा मॅग्नमला तत्त्वतः विरोध होता. “पावशेराच्या पाखराला तोफ लावता? कमीत कमी खायला तरी उरू द्या!”

“जवळच्या पाखराला नाहीच ती,” डॉक्टर म्हणायचे. “लांबचं, उंचावरचं पाखरू! तिथं तुमचं काडतूस म्हणजे फुटाणे.”

वाद इतका वाढला की पुरावा हवा असं ठरलं. वहिनींच्या दोन चादरी, त्यांना न विचारता, तलावाच्या बांधावर बांबूंना ताणून बांधल्या. मी ऑफिसच्या टेपनं अंतर मोजून दिलं. एका चादरीवर बापूसाहेबांनी साधा बार टाकला, दुसरीवर डॉक्टरांनी मॅग्नम. डॉक्टर सवयीप्रमाणे मागं गेले. उठून आले. मग सगळे भोकं बघायला धावले.

दोन्ही चादरी सारख्याच चाळणी झालेल्या! उलट बापूसाहेबांची भोकं जरा नीटनेटकी पडलेली.

“बोला डॉक्टर!” बापूसाहेब कोर्टात गरजतात तसे गरजले. “फरक दाखवा!”

डॉक्टरांनी आपल्या चादरीच्या एका भोकात करंगळी घातली, फिरवली आणि गंभीरपणे म्हणाले, “दिसायला सारखी आहेत. पण मॅग्नमची जास्त खोल आहेत!”

*

एकदा मात्र मॅग्नमनं तितर पडलं, आणि अर्धंअधिक शाबूत पडलं. वहिनींनी काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा केला, कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी केली. बापूसाहेबांनी पहिल्याच घासाला “आई गं!” केलं. पुढचा दात अर्धा तुटला होता. तळहातावर दाताचा तुकडा आणि शेजारी छर्रा.

डॉक्टर आनंदानं उभेच राहिले. “बघा! इतका वेळ शिजूनसुद्धा ही ताकद!”

दुसऱ्याच दिवशी बापूसाहेबांची कोर्टात केस. ते उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, सदर साक्षीदार शपथेवर सांगतो...” तुटक्या दातातून प्रत्येक ‘स’ला लखलखीत शिट्टी! पट्टेवाला बाहेर व्हरांड्यात कोण शिट्ट्या मारतंय ते बघायला धावला. न्यायाधीश मोठे कडक होते. त्यांनी चष्मा काढला.

“वकीलसाहेब, युक्तिवाद करताय की गाडी सोडताय?”

*

आणि मग रानहंसाचा प्रकार.

डॉक्टरांच्या उजव्या खांद्याचं हाड दुखावलं. डाव्या हातानं इंजेक्शन द्यायला लागले. पेशंट सुईकडे बघून उठून जायला लागले. एक दिवस वहिनींनी जेवणाचं ताट पुढं ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “हात गेला तर दवाखाना गेला. ट्रंकेत उरलेली दोन काडतुसं उडवा आणि बंदूक विकून टाका. मला आजवर त्या बंदुकीचं एक धड पाखरू बघायला मिळालेलं नाही.”

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांना लागलं. त्यांनी त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

थंडीचे दिवस होते. उत्तरेकडून येणारे रानहंस डेडरगावच्या तलावावर उतरत. राखी रंगाचे, डोक्यावर काळे पट्टे. आम्ही पहाटे बांधाआड दबून बसलो. उजाडता उजाडता त्यांची रांग वरून आली. इतकी उंच, की बापूसाहेबांनी बंदूक उचललीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी उचलली. पहिला बार फुकट गेला. दुसऱ्याला ते पाठीवर पडले. आणि पडल्या पडल्या त्यांनी पाहिलं, रांगेतला एक हंस डळमळला, गोल फिरला आणि थेट चिखलात धप्पकन कोसळला!

आम्ही लहान मुलांसारखे नाचलो. नाना मान पिरगळायला वाकले, तसे डॉक्टर ओरडले, “हात लावू नका! मेलाय तो. अख्खा न्यायचाय, जसाच्या तसा!” रक्ताचा थेंब नाही, एक पीस तुटलेलं नाही. टांग्यात त्यांनी तो आपल्या कोटात गुंडाळून लेकरासारखा मांडीवर घेतला. डोळे भरून आले होते त्यांचे. बापूसाहेबसुद्धा म्हणाले, “मानलं. उंचावरच्यासाठी मॅग्नमच.”

दवाखान्यात सकाळचे पेशंट बसले होते. त्यात एक आबा, दोन्ही गुडघे धरलेले, गेलं वर्षभर येऊन थकलेले. सगळ्यांच्या देखत डॉक्टरांनी हंस आत नेला, तपासणीच्या टेबलावर मान लोंबकळत ठेवला, आणि जिन्याखालून हाक मारली, “अगं, खाली ये! धड पाखरू बघ!”

वहिनी हात पुसत उतरल्या. आतून बाटल्या फुटल्याचा आवाज आला. पडदा हलला. हंस बाहेर आला. त्यानं एकदा सगळ्यांकडे बघितलं, मान ताठ केली, बाकांच्या मधून ऐटीत चालत ओट्यावर गेला, आग्रा रोडवर पंख पसरून धावला आणि एका मालट्रकच्या टपावरून वर, सरळ वर निघून गेला.

वहिनींनी तोंडाला पदर लावला होता. डॉक्टर रस्त्याच्या मधोमध उभे राहून आभाळाकडे बघत होते.

मग बाकावरचे आबा गुडघ्यांवर हात टेकून उठले, दारापर्यंत आले आणि म्हणाले, “डाक्टर, त्याले जे औषध दिधं, तेच माले द्या!”