व्याह्यांनी पास केलेला गुडघा

देवाने किंवा माणसाने घडवलेली एकही वस्तू माझ्या व्याह्यांनी निर्दोष ठरवल्याचं मला आठवत नाही. कडोदरा गावच्या लूमवर, यंत्रमागांच्या खटखटाटात, त्यांचा जन्म कापड तपासण्यात गेला. ताका उजेडापुढे ओढायचा, तुटलेली तार शोधायची आणि ‘सेकंड’ म्हणून बाजूला टाकायचा. निवृत्तीनंतर ताके संपले, नजर राहिली. अजून पोळी आधी खिडकीकडे धरतात, मग खातात. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून, माझ्यासारखी मीच अशा तोऱ्यात पोहे घेऊन गेले. त्यांनी मुलीआधी माझा पदर पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “विहीणबाई, सेकंड दिलाय तुम्हाला.” लग्न ठरायच्या आधीच विहीणबाई म्हणाले, म्हणून साडीचा अपमान मी गिळला. पाहुणे गेल्यावर तार शोधली, सापडली नाही. चष्म्याने वय दिसतं म्हणून मी तो कपाटात ठेवत असे.

फिल्मही उजेडापुढेच धरायची असते, एवढ्या पुण्याईवर सोसायटीतले लोक त्यांना एक्स-रे दाखवू लागले. ते सगळ्यांची हाडं नापास करतात. एकाला त्यांनी खांदा मोडल्याचं सांगितलं. बिचारा घोटा दाखवायला आला होता. तरी लोक येतात, कारण चहा मिळतो.

आमची दोघांची नात खो-खो खेळते. निवड चाचणी तोंडावर असताना वळताना तिच्या गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं आणि गुडघा सुजला. व्याह्यांनी तिचा एक्स-रे खिडकीत धरला, उलटा केला, पुन्हा धरला आणि म्हणाले, “पास.” माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली.

डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, पण एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही. चालताना गुडघा निसटतोय, एमआरआय करा. व्याही अडून बसले. पास झालेला माल परत तपासायचा नसतो. नात त्यांच्याच बाजूची, तिला चाचणीला उतरायचं होतं. शेवटी मी विचारलं, अर्धाच ताका बघून कधी शिक्का मारलात का? तेव्हा कुठे त्यांनी चपला घातल्या.

मशीनची खटखट सुरू झाली तशी बाहेरची मंडळी दचकली. व्याह्यांनी कान देऊन, लूम बरा चालतोय, एवढंच सांगितलं.

लिगामेंट पूर्ण तुटलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, इथे काळी पट्टी सलग हवी, ती इथे संपते. तशीच खेळली असती तर उरलेला गुडघाही गेला असता. आता ऑपरेशन, आणि पुढे बरेच महिने मैदान बंद. नात भिंतीकडे तोंड करून रडली. व्याही पडद्याला नाक लावून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “विहीणबाई, जन्मभर लोकांचा माल फेकला. एकदा पास म्हणावंसं वाटलं, तर हे असं.”

ऑपरेशन झालं. आता रोज सकाळी नात गॅलरीत पाय लांब करून गुडघा खाली दाबते आणि विचारते, “आबा, झाला सरळ?” ते वाकून बघतात. गुडघ्याखाली अजून माझा हात जाईल एवढी फट असते.

“झाला, माय,” ते म्हणतात, आणि माझ्याकडे बघतात.

मीही चष्मा पुसून नीट बघते, आणि झाला म्हणते.