सुकवारोची मराठी

बेबीताई तोंडानं तिखट पण मनानं लोणी, असं भिलाईतल्या त्या महिला आश्रयगृहात सगळेच म्हणत. देखरेखीचं काम त्यांचं. जामुलहून बसनं यायच्या, आल्या आल्या कुणाला तरी झापायच्या आणि मग त्याच तोंडानं तिला जेवलीस का विचारायच्या. आपण कुणाशी दुजाभाव करत नाही, याचा त्यांना भारी ताठा होता.

तो ताठा रीनानं उतरवला. रीना विद्यापीठातली संशोधक. फसवून देहविक्रीला लावलेल्या बायकांवर तिचा अभ्यास चालला होता. तिचं म्हणणं, बाईपण, जात, गरिबी, भाषा ही सुटीसुटी मोजू नयेत. वेणीच्या पेडांसारखी ती एकमेकांत गुंतलेली असतात. बेबीताईंनी मान डोलावली. मग रीनानं साधंच विचारलं. कुम्हारीजवळच्या लॉजवर धाड पडली, तेव्हा एकाच खोलीतून विशीतल्या दोघी सुटल्या. गीतांजली त्याच संध्याकाळी घरी गेली आणि सुकवारो वर्ष झालं तरी इथंच. असं का?

"गीतांजलीचे मायबाप आले ना तिले घ्याले," बेबीताई म्हणाल्या आणि तिथंच अडखळल्या. त्या मायबापांना फोन कुणी लावला होता?

त्यांनीच. धाडीनंतर पोलिसांनी दोघींना इथं आणलं, तेव्हा गीतांजली रडत रडत "मावशी, मले पानी द्या" म्हणाली होती. हिंदीच्या गलक्यात मराठी कानावर पडली आणि बेबीताई विरघळल्या. इथल्याच सेक्टर सहाची, आपल्याच मराठी माणसांची पोर! तिला आपल्या खोलीत बसवून चहा पाजला, पोरीला फसवलं आहे असं पोलिसांना छातीठोकपणे सांगितलं. जशपूरकडची उरांव आदिवासी सुकवारो भिंतीशी गप्प उभी होती. तिच्याबद्दल विचारलं, तर ही आपल्या मर्जीनं आली असेल, असं बेबीताई बोलून गेल्या. का, तर ती रडत नव्हती. मग तिची चौकशी रखडली आणि तिच्या गावी कुणी कळवलंच नाही.

बेबीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्याच पोलीस साहेबांपुढं आपला शब्द मागं घ्यायचा, असं ठरवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. सुकवारो पोळ्या लाटत होती. वर्षभर ती त्यांच्या मागं मागं हिंडून मराठी शिकली होती. पोरीला आपली माया लागली, असं त्या कौतुकानं सगळ्यांना सांगत.

"सुकवारो, तुले त्या लॉजवर कोनं नेलं होतं वं?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

सुकवारोनं लाटणं बाजूला ठेवलं.

"मावशी, आता मले मराठी येते," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "आता मले बी घरी पाठवता का?"