कुलूप नसलेली कोठडी

इथले भुताखेतांचे अनुभव मी दुपारचं जेवताना वाचते, करमणूक म्हणून. पैंजणांचे आवाज, पांढऱ्या साडीतली बाई वगैरे आलं की सरळ पान उलटते. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसले आहे याचा मलाच वैताग येतोय. पण नवऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, "काही झालंच नाही." म्हणून तुम्हाला सांगते...

आम्ही दिल्लीत, द्वारकेत राहतो. नवरा, प्रसाद, केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं की काही वर्षं दिल्लीत काढायची आणि पुण्याला बदली मागून घ्यायची. माझी आई सांगलीला एकटी असते, निदान तिच्याजवळ तरी जाता येईल. दरवर्षी मी विचारायचे आणि दरवर्षी एकच उत्तर — "अर्ज टाकला होता यार, वरूनच नाही झालं." मग मी त्याच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडायचे.

गेल्या हिवाळ्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. परत जायच्या आधीच्या रविवारी म्हणाली, जिने नसतील असं काहीतरी दाखवा. प्रसाद लगेच म्हणाला, "पोलिसांचं एक छोटंसं म्युझियम आहे. तिकीट नाही, गर्दी नाही." आमच्या नवरोबांची हौस अशीच असते, फुकटातली. पण माझे बाबा फौजदार होते, त्यामुळे आई खूश झाली.

एका जुन्या ठाण्याच्या इमारतीत तीन-चार खोल्या. हाफ चड्डीतले जुने गणवेश, वायरलेसचे सेट, लाठ्या, आणि तिरकी मिशी चिकटवलेला एक पुतळा. आई प्रत्येक काचेपुढे थांबून "ह्यांच्याकडे अस्साच पट्टा होता" म्हणत होती. शेवटी ठाण्याची खरीखुरी जुनी कोठडी. लोक आत उभं राहून फोटो काढतात. प्रसाद आत गेला, आतून दार ढकलून लावलं, गज धरून गुन्हेगारासारखं तोंड केलं. मी फोटो काढला.

आणि दार उघडेना.

मला वाटलं नाटक करतोय, त्याला सवयच आहे. "प्रसाद, पुरे झालं. आईच्या डोळ्यात थेंब घालायचेत."

"अगं, खरंच उघडत नाहीये!"

मी ढकललं. ढिम्म. तेवढ्यात तिथला हवालदार चहाचा ग्लास घेऊनच आला आणि हसायला लागला. "मैडम, इसमें ताला है ही नहीं. कुंडी भी कब की निकाल दी." खरंच नव्हती. कडीच्या जागी नुसतं भोक होतं, मी त्यात बोट घालून पाहिलं. मग त्याने खांदा लावला, बाहेरून एकाला बोलावलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. प्रसाद आतून ओढतोय, हे दोघं बाहेरून ढकलताहेत. गंजलेलं दार निदान कुरकुरतं तरी! हे हललंसुद्धा नाही. शेवटी हात टेकले आणि दोघं वेल्डर शोधायला निघून गेले. रविवारी वेल्डर! माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

आई इतका वेळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. माझ्या आईने आजवर जावयाला एकच प्रश्न विचारलेला आहे — जेवायला काय करू? त्या दिवशी तिने काळा चष्मा काढला.

"प्रसादराव, बदलीचं काय झालं हो?"

"आई, ही वेळ आहे का?"

"तुम्हाला आत्ता कुठे जायचंय?"

एरवी मी हसले असते. प्रसाद दार ओढत ओढतच म्हणाला, "अर्ज टाकलाय. यंदा नक्की होईल."

दार तसंच.

"मागची खोली मी अजून भाड्याने दिलेली नाही," आई शांतपणे म्हणाली. "लोक विचारून जातात. माझी मुलगी-जावई पुण्याला आले की येऊन-जाऊन राहतील म्हणून सांगते. आता माझंही वय झालंय. जे असेल ते सांगा, मी रागावणार नाही."

प्रसादने ओढणं थांबवलं. हात खाली सोडले, गजांवर कपाळ टेकलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी अर्ज केलाच नाही, आई. एकदाही नाही."

आणि दार उघडलं. आवाजसुद्धा न करता. लक्षात घ्या, ते दार आतल्या बाजूला उघडतं. हा त्याच्यावर रेलून उभा होता आणि दार त्याला मागे सारत उघडलं. मी चार हात लांब होते. आई खुर्चीत होती.

भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. "इतकी वर्षं?" मी ओरडलेच. "इतकी वर्षं मी आईला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी सांगतेय!"

"इथे सगळं बसलंय गं आपलं... तिकडे परत सगळं नव्याने कोण करणार?"

"मग तसं म्हणायचं ना, अरे!"

आई उठली. "चला, थेंबांची वेळ झाली," एवढंच म्हणाली. द्वारका येईपर्यंत मेट्रोत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

प्रसादचं म्हणणं, तेल उशिरा मुरलं. आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनिअरना विचारलं. तेही आधी थंडी, मग लोखंड असं काहीबाही बोलले. मला आजही याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

आता प्रसाद म्हणतो, अर्ज केलाय, यावेळी खरोखर केलाय. मी म्हटलं, छान! चल तिथेच जाऊ. आत उभा राहा, दार लाव आणि तिथून मला सांग.

"बिल्कुल! रविवारी जाऊ," म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी त्याला काहीतरी काम निघतंय.