वर घ्या

चौकात रिक्षावाल्याने विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" मी म्हणालो, "वर घ्या." तो वैतागला, "साहेब, रस्ता सपाट आहे."

माझाच मला राग आला. आमच्या डोंगरात दिशा दोनच, वर आणि खाली. पावसाळ्यात शेतातली माती खाली वाहून यायची आणि उन्हाळ्यात आम्ही घरचे सगळे ती पाटीत भरून, डोक्यावरून पुन्हा वर न्यायचो. दरसाल तेच. त्या चढाचा वीट आला म्हणून तर मी शहर गाठलं, पण जिभेवरचा चढ काही उतरत नाही.

घरात शिरतो तोच आईचा फोन. "वर कवा येतोस?"

"बघतो."

"तुझ्यापरीस माती बरी रं," ती म्हणाली. "पाटीत भरून आणता तरी येती."