तसबिरीतल्या पोरीचं कपाळ

हौसाबाई रोज सकाळी शाळेचं ऑफिस उघडायच्या, केर काढायच्या आणि स्टुलावर चढून भिंतीवरच्या तैलचित्रातल्या तरुणीला कुंकू लावायच्या. मी चित्रकलेची शिक्षिका. प्रार्थना संपली की ओल्या चिंधीने मी ते पुसून टाकायची.

चित्र फार जुनं, नगरमधल्या कुठल्याशा बंगल्यातून शाळेकडे आलेलं. हिरवा पदर, कानात मोती, कुणी हाक मारल्यासारखी वळलेली मान. भिंग घेऊन मी चारही कोपरे धुंडाळले, पण चित्रकाराची सही सापडली नाही. त्या मुलीचं नावही कुठे नव्हतं.

"हौसाबाई, रंग खराब होतो," एकदा मी डाफरलेच. "आणि ती विधवा असेल, ख्रिस्ती असेल, कुणाला माहीत?"

"म्हाईत न्हाई ना? मंग पुसता कशाला?"

मी रागाने चिंधी पुन्हा भिजवून आणली.

त्यांचं सासर जामखेडकडचं. पाऊस हुकला त्या पहिल्याच वर्षी नवरा काम शोधायला गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून हौसाबाईंना एका जागी बसवत नसे. जामखेडची एसटी आली की हातातलं टाकून फाटकाशी धावायच्या. "जरा टेका की," म्हटलं तर म्हणायच्या, "टेकलं की इचार येत्यात, बाई." त्यांच्या त्या धावपळीने माझाही जीव थाऱ्यावर राहत नसे.

त्र्याहत्तर साली एकदा त्यांचा दीर शाळेत आला.

"वैनी, सोमवारी गावाकडं या. कुंकू उतरवा, दहावं उरकू. लोक नावं ठेवत्यात."

"मढं कुनी बघितलं?"

"कुनीच न्हाई. पन दोन वर्सं झाली की!"

तो गेला. हौसाबाईंनी तेवढाच व्हरांडा तीनदा झाडला.

दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. मुख्याध्यापिकांनी चित्र स्वच्छ करायला सांगितलं. मी चिंधी भिजवून स्टुलावर चढले. हौसाबाई दारात उभ्या होत्या. जामखेडची गाडी गेली तरी हलल्या नाहीत.

"पुसा बाई. मंग माझं बी तुमीच पुसा," त्या म्हणाल्या. "तुमचा हात बसलाय."

मी तशीच खाली उतरले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चित्राची निगा राखली नाही म्हणून साहेबांनी माझ्या नावावर शेरा मारला, त्याखाली मी सही केली.

सोमवारी धास्तावून मी लवकरच शाळेत पोचले. हौसाबाई कुलूप काढत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"गेला नाहीत?"

"न्हाई गेले. त्ये स्टूल धरा जरा, लई हालतंय."

मी दोन्ही हातांनी धरलं.